नवस, नाती आणि आपले सुख

मंगळवारी प्रभादेवीस, सोमवारी बाबुलनाथास, नवरात्रात महालक्ष्मीस आणि आषाढी एकादशीस वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात भाविकांची अपार दाटी होते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांचे जीवन या देवस्थानांशी पिढ्यान् पिढ्या जोडलेले आहे. दर्शनाच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण अंतःकरणात काही ना काही मागणे घेऊन आलेला असतो. आरोग्य, नोकरी, परीक्षेतील यश, स्वतःचे घर ही मागणी तर असतातच. परंतु देवापुढे हात जोडल्यावर ज्या मागण्यांनी डोळ्यांत पाणी उभे राहते, त्या बहुधा नात्यांविषयीच्या असतात. मुलाने ऐकावे, सुनेने मान राखावा, सासूने टोचून बोलू नये, पतीने व्यसन सोडावे, भावाने वडिलोपार्जित घराचा वाद मिटवावा, दूरदेशी गेलेल्या लेकीने आठवड्यातून एकदा तरी दूरध्वनी करावा, अशी ही मागणी.

या सर्व मागण्या न्याय्य असू शकतात. देवाजवळ गाऱ्हाणे मांडण्यात गैर काही नाही. आपल्या संतांनीही विठ्ठलाशी मनसोक्त भांडण केले आहे. तथापि या मागण्यांत एक साम्य आढळते. सुख हवे असते ते मागणाऱ्याला आणि त्यासाठी बदलायचे असते दुसऱ्याने. तो दुसरा बदलला नाही, तर मागणाऱ्याच्या वाट्याला काय यावे? मग त्याचे सुख कायमचे अडून राहावे काय? नात्यांतील सुखाचे उत्तरदायित्व अखेर कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यवहाराचा राहत नाही. तो उपासनेचा आणि अध्यात्माचाही प्रश्न होतो. त्याचा थोडा विचार भाविकांनी आपल्या घरी, आपल्या देव्हाऱ्यासमोर बसून करावा, यासाठी हा लेखप्रपंच.

देऊबाईंचे मागणे

प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायकाच्या मंदिराची प्रतिष्ठापना गुरुवार, दिनांक १९ नोव्हेंबर १८०१ रोजी, म्हणजे शके १७२३ मध्ये झाली. लक्ष्मण विठू पाटील यांनी ते मंदिर बांधले आणि त्यासाठी लागणारे द्रव्य माटुंग्याच्या देऊबाई पाटील या आगरी समाजातील सधन स्त्रीने दिले. मूळचे देऊळ लहानसे, विटांचे आणि घुमटाकार शिखराचे होते. गाभाऱ्यातील उजव्या सोंडेची, एकाच काळ्या पाषाणात घडविलेली मूर्ती सुमारे अडीच फूट उंच व दोन फूट रुंद आहे. आज तेथे उभे असलेले भव्य मंदिर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील पुनर्बांधणीचे फळ आहे.

देऊबाईंना संतान नव्हते. त्या काळी मूल नसलेल्या स्त्रीची अवस्था कशी होती, हे वेगळे सांगावयास नको. डोहाळजेवणाला तिला बोलावणे नसे, बारशाच्या पाळण्याला तिचा हात लागू दिला जात नसे, शुभकार्याला निघालेल्या माणसाला ती समोर दिसली तर अपशकुन मानला जाई. दोष कोणाचा याची चौकशी न करता सारा दोष तिच्या कपाळी लिहिला जाई. अशा स्त्रीने देवाजवळ स्वतःसाठी मूल मागितले असते, तर ते अत्यंत स्वाभाविक ठरले असते. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत मात्र निराळी आहे. ज्या स्त्रियांना मूल नाही त्यांची कूस या गणरायाने उजवावी, जे सुख आपल्याला लाभले नाही ते त्यांना लाभावे, या भावनेने देऊबाईंनी मंदिर बांधविले, असे सांगितले जाते.

देऊबाईंच्या मनातील कल्लोळाची नोंद कोणी करून ठेवलेली नाही. त्यांची कृती मात्र दोन शतकांहून अधिक काळ समोर उभी आहे आणि तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांनी आपले दुःख नाकारले नाही. उलट त्या दुःखालाच मंदिराच्या संकल्पाचे कारण केले. ते दुःख दूर करण्याचे ओझे त्यांनी दुसऱ्या कोणा माणसावर टाकले नाही. आपल्या हाती काय आहे, हे त्यांनी पाहिले. संतती त्यांच्या हाती नव्हती, द्रव्य होते आणि सद्भावना होती. जे हाती होते ते त्यांनी पूर्णपणे वापरले. आपल्याला न मिळालेली गोष्ट दुसरीला मिळाल्यावर मनात मत्सर उत्पन्न होणे ही माणसाची प्रकृती आहे. त्याच ठिकाणी शुभेच्छा उत्पन्न करणे ही साधना आहे आणि ती ज्याची त्यालाच करावी लागते.

येथे आजच्या भाविकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे वाटते. संतती न होण्याची कारणे स्त्रीच्या ठायी असतात तशीच ती पुरुषाच्या ठायीही असतात, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. म्हणून नवस बोलणाऱ्या दांपत्याने वैद्यकीय तपासणी दोघांची करून घ्यावी आणि सुनेला बोल लावण्याचे पातक घरातील कोणीही करू नये. मूल नसलेले घर अपुरे असते, ही समजूतही देऊबाईंच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

मैत्रेयीचा प्रश्न

देऊबाईंनी जे कृतीने दाखविले, त्याचा तात्त्विक पाया आपल्या उपनिषदांत फार पूर्वी घातला गेला आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी या पतिपत्नींचा संवाद आलेला आहे. गृहस्थाश्रम सोडून जाण्याचे ठरविल्यावर याज्ञवल्क्यांनी आपली संपत्ती मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन पत्नींत वाटून देण्याचा विचार बोलून दाखविला. त्यावर मैत्रेयीने विचारले की, साऱ्या पृथ्वीचे धन मिळाले तरी त्याने अमरत्व लाभेल काय? याज्ञवल्क्यांनी नाही म्हणून सांगितले आणि तिच्या आग्रहावरून जो उपदेश केला, त्याचे सार असे की, पती पतीसाठी प्रिय होत नाही, पत्नी पत्नीसाठी प्रिय होत नाही, पुत्र आणि वित्त हेही त्यांच्यासाठी प्रिय होत नाहीत. या सर्वांची प्रियता आत्म्यामुळे आहे.

प्रथमदर्शनी हे बोल स्वार्थाचे वाटण्याची शक्यता आहे. ‘जो तो आपल्यासाठीच प्रेम करतो’ असा त्यांचा अर्थ काढून अनेकांनी नाक मुरडलेही असेल. परंतु तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. प्रिय व्यक्तीच्या सहवासात जो आनंद उचंबळून येतो, त्याचा उगम मुळात आपल्याच अंतरात आहे, असे याज्ञवल्क्यांना सांगावयाचे आहे. नदीवर घाट बांधलेला असतो. घाटामुळे पाण्यापर्यंत पोहोचणे सुकर होते, घाटाला शोभाही असते. पण पाणी घाटाने निर्माण केलेले नसते. पती, पत्नी, पुत्र, कन्या, स्नेही हे आपल्या जीवनातील घाट आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञता अवश्य असावी, मात्र घाटाच्या दगडातून पाणी पाझरावे अशी अपेक्षा धरू नये.

ही अपेक्षा धरली की काय होते, ते घरोघर पाहावयास मिळते. ‘मी केवळ तुझ्यासाठी जगते’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा तिला ते प्रेमाचे परमावधीचे बोल वाटतात. परंतु त्या क्षणापासून मुलावर एक न फिटणारे ऋण चढते. त्याचे परगावी जाणे, त्याचा विवाह, त्याने स्वतःच्या मताने घेतलेला प्रत्येक निर्णय ही त्या ऋणाची थकबाकी ठरू लागते. मूल दुरावते आणि आईला वाटते की प्रेमाची किंमत राहिली नाही. वास्तविक प्रेम उणे पडलेले नसते. एका माणसाच्या सुखाचा सारा भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो आणि तो पेलण्याची शक्ती कोणत्याच माणसात नसते.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला हेच निराळ्या प्रकारे सांगितले आहे. आपला उद्धार आपणच करावा लागतो आणि आपला मित्र किंवा शत्रूही आपणच असतो, असा त्या उपदेशाचा आशय आहे. याच्याशी मिळताजुळता विचार पाश्चात्त्य जगतात एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने मांडला. तो स्वतः रोममध्ये गुलाम म्हणून राहिला होता. कोणत्या गोष्टी आपल्या स्वाधीन आहेत आणि कोणत्या नाहीत, हे ओळखणे हा त्याच्या शिकवणुकीचा आरंभ होता. अलीकडच्या काळात मुंबईतच सद्गुरू वामनराव पै (१९२३–२०१२) यांनी मराठी मध्यमवर्गाला आणि कामगारवर्गाला हाच बोध अत्यंत सोप्या भाषेत दिला. शासकीय सेवेत राहून, प्रपंच सांभाळून त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ प्रवचने केली आणि आपल्या जीवनाच्या घडणीची सूत्रे दैवाच्या हाती न सोपविता स्वतःच्या हाती घ्यावीत, हे श्रोत्यांच्या मनावर बिंबविले.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण

तत्त्व कळले तरी ते नात्यांच्या रोजच्या घर्षणात टिकते कसे, हे चरित्रांतूनच समजते. गिरगावातील प्रार्थना समाजाचे मंदिर अनेक भाविकांनी येता-जाता पाहिले असेल. १८६७ साली स्थापन झालेल्या या समाजाच्या प्रमुख आधारस्तंभांपैकी एक होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे जीवन या दृष्टीने मननीय आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा. १८७३ साली त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे वय अकरा वर्षांचे होते, तर रानडे तिशी ओलांडलेले होते. त्यांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहापुढे नमून एका बालिकेशी विवाह केला, यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. म्हणजे या संसाराचा आरंभ दोघांच्याही इच्छेतून झालेला नव्हता. पुढे रानड्यांनी पत्नीला लिहावयास-वाचावयास शिकविले, नंतर इंग्रजीही शिकविले. तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष रमाबाईंवर झाला. पुरुषमाणसांना बोलता येत नसे म्हणून टोमणे त्यांनाच ऐकावे लागत. या साऱ्याचे प्रांजळ वर्णन त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या आपल्या पुस्तकात केले आहे.

त्या कोवळ्या वयात रमाबाईंसमोर दोन सोपे मार्ग होते. घरातील बायकांना प्रसन्न करण्यासाठी पुस्तक मिटून ठेवणे हा एक, आणि पतीचा पाठिंबा आहे म्हणून त्या बायकांना उर्मट उत्तरे देणे हा दुसरा. त्यांनी दोन्ही टाळले. त्यांनी अभ्यास सोडला नाही आणि वडीलधाऱ्यांचा मानही सोडला नाही. घरातील स्त्रियांनी आपले कौतुक करावे, मगच आपण समाधानी होऊ, अशी अट त्यांनी आपल्या समाधानाला घातली नाही.

या तयारीची खरी कसोटी पुढे लागली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाईंनी तेव्हा वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. ज्या पुरुषाने त्यांना अक्षरओळख करून दिली, ज्याच्या विचारांवर त्यांचे सारे जग उभे होते, तो गेल्यावर त्यांनी त्याच्या स्मृतीतच उरलेले आयुष्य कंठावे, अशीच त्या काळची रीत होती. काही काळ त्यांनी शोकात घालविलाही. शोकाला वेळ देणे हेही आपल्या मनाविषयीचे कर्तव्यच आहे. त्यानंतर मात्र त्या कार्यासाठी बाहेर पडल्या. १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन झाले आणि त्याच्या अध्यक्षपदाची धुरा रमाबाईंनी स्वीकारली. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. स्त्रियांना शिक्षण, शिवणकाम आणि परिचर्येचे व्यवसाय शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या या कार्यात त्यांनी १९२४ साली मृत्यू येईपर्यंत आपला देह झिजविला. पतीवरील प्रेम त्यांनी उणे होऊ दिले नाही. फक्त ते प्रेम स्मृतीत कोंडून न ठेवता त्यांनी वाहते केले.

गिरणगावातील संसार

रमाबाईंच्या घरी निदान पोटापाण्याची विवंचना नव्हती. जेथे ती विवंचना रोजची होती, तेथे आपल्या सुखाचे उत्तरदायित्व घेणे शक्य आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर परळ-लालबागच्या गिरणगावाने दिलेले आहे.

गिरणी कामगारांच्या चाळींतील खोली म्हणजे दहा बाय बाराची. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या. एवढ्याशा जागेत सासू-सासरे, दीर, मुले आणि गावाहून आलेले दोन-तीन पाहुणे राहत. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून एकाच्या निजण्याच्या वेळी दुसऱ्याचा डबा भरला जाई. रुसून बसावयाचे म्हटले तरी त्यासाठी वेगळा कोपरा नसे. नळावरच्या रांगेतील भांडण संध्याकाळपर्यंत मिटविणे भाग असे, कारण उद्या पहाटे पुन्हा त्याच रांगेत उभे राहावयाचे असे. अशा दाटीत राहणाऱ्या माणसांनी आपली मने सांभाळण्याचे उपाय स्वतः शोधून काढले. भजनी मंडळे, गणेशोत्सव, चाळीचा सत्यनारायण, पहाटेचे नामस्मरण, सुट्टीतील व्यायामशाळा हे त्यांतील काही. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला कामगार रात्री टाळ हाती घेई, तेव्हा त्याच्या समाधानाची वाट घरातील कोणाच्या वागण्यावर अवलंबून नसे. परिणामी घरी परतताना तो अधिक सौम्य होऊन परते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांपैकी असंख्य जण पुन्हा कधीच कामावर परतू शकले नाहीत. घरातील कर्त्या पुरुषाची मिळकत थांबली की केवळ पैसा थांबत नाही. त्याची घरातील जागाही त्याला परकी वाटू लागते. अनेक संसारांत तेव्हा चिडचिड शिरली, व्यसने शिरली, अबोला शिरला. अशा वेळी हजारो स्त्रियांनी भाजी विकून, शिवणकाम करून, घरकामे करून आणि डबे देऊन चूल पेटती ठेवली.

डबे देणाऱ्या या बायकांची परंपरा त्याआधीची होती. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना गिरणगावातील बायका आपल्या खोलीत खानावळ चालवून जेवू घालीत. उधारीवर किराणा, सावकाराचे व्याज आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीचा धूर, असे त्यांचे जिणे होते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून दादर येथे अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बँकेकडून लहान कर्जे मिळवून देऊन सावकाराच्या पाशातून त्यांची सुटका करण्याचा मार्ग मंडळाने दाखविला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या कार्यातील अध्यात्म सहजी दिसत नाही, पण ते आहे. कर्जाच्या कागदावर स्वतःचे नाव लिहिणारी स्त्री ‘माझ्या संसाराचे काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने द्यावे म्हणून वाट पाहत बसत नाही. त्याच वेळी ती एकटीही नसते. आपल्या सुखाचे उत्तरदायित्व घेणे म्हणजे साऱ्यांपासून तुटून राहणे, असा गैरसमज अलीकडे वाढतो आहे. गिरणगावाचा अनुभव सांगतो की, जो स्वतः उभा राहतो त्याला शेजाऱ्याचा हात धरण्यात संकोच वाटत नाही. आज बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे दिली जात आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र खोली मोठी झाल्याने मन आपोआप मोठे होत नाही. त्याची मशागत पूर्वीप्रमाणेच ज्याची त्याने करावयाची आहे.

सोसणे म्हणजे उत्तरदायित्व नव्हे

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्या स्त्रीला घरात मारहाण होते, ज्या वृद्ध पित्याला मुलाने घराबाहेर काढले आहे, त्याला ‘तुझे सुख तुझ्या हाती आहे’ असे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? अनेकदा ती तशी होतेही. दुबळ्याने मुकाट्याने सोसावे म्हणून अध्यात्माची भाषा वापरली गेल्याची उदाहरणे समाजात कमी नाहीत.

संत बहिणाबाईंचे चरित्र येथे मार्गदर्शक ठरते. सतराव्या शतकातील या संत कवयित्रीने आपल्या अभंगांतून आत्मकथन केले आहे. बालपणी, वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. तुकोबारायांचा त्यांना लागलेला ध्यास पतीला सहन झाला नाही आणि त्याने त्यांना निर्दयपणे मारले. तो संसार सोडून जाण्यासही निघाला होता. पुढे आजारपणात त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याचे मन पालटले, असे बहिणाबाई सांगतात. या कथेचे तात्पर्य ‘मार सोसला की नवरा सुधारतो’ असे काढणे हा बहिणाबाईंवर अन्याय होईल. त्यांच्या चरित्रात मोलाची गोष्ट ही की, आपल्या अंतरीच्या भक्तीवर त्यांनी पतीचा अधिकार चालू दिला नाही आणि जे घडले ते झाकून न ठेवता शब्दांत मांडले. तीनशे वर्षांपूर्वीच्या स्त्रीला याहून अधिक आधार उपलब्ध नव्हता.

आज तो आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ चा अधिनियम आहे. मनाचा आजार जडला असेल, तर त्यावर उपचार करणारे तज्ज्ञ डॉक्टर आहेत. अशा वेळी साहाय्य मागणे, गरज पडल्यास घर सोडणे, कायद्याचा आधार घेणे हेच आपल्या सुखाचे उत्तरदायित्व स्वीकारणे होय. देव्हाऱ्यासमोर बसून मार खात राहणे ही भक्ती नव्हे.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. दुसऱ्याने केलेल्या अपराधाचे उत्तरदायित्व त्या अपराध करणाऱ्याचेच असते. ते पीडिताच्या माथी मारता येत नाही. त्या अपराधानंतर आपण कोणते पाऊल उचलावे, मनात द्वेष किती काळ बाळगावा, उरलेले आयुष्य कशाच्या पायावर उभारावे, हे मात्र पीडिताच्या हाती उरते. ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. हाताशी उरलेले हे थोडेसे धन ओळखणे म्हणजेच आत्मबळ.

नित्याच्या आचरणासाठी

हा विचार रोजच्या व्यवहारात आणण्यासाठी मोठ्या तपश्चर्येची आवश्यकता नाही. देवासमोर उभे राहिल्यावर आपले मागणे एकदा तपासून पाहावे. ‘त्याला सद्बुद्धी दे’ हे मागणे अवश्य असावे, पण त्याच्या पाठोपाठ ‘मला त्याच्याशी योग्य रीतीने वागण्याची बुद्धी दे’ हेही मागावे. पहिल्या मागण्याचे फळ केव्हा मिळेल ते सांगता येत नाही; दुसऱ्याचे फळ घरी पोहोचण्यापूर्वीच मिळू लागते.

आपल्याला काय हवे आहे, हे घरातील माणसांना स्पष्ट आणि गोड शब्दांत सांगावे. न सांगता त्यांनी ओळखावे आणि न ओळखल्यास आपण रुसावे, या सवयीपायी कित्येक संसार विनाकारण कडू झाले आहेत. जे आपल्याला पेलत नाही त्यास नम्रपणे नकार द्यावा. मनाविरुद्ध होकार देऊन पुढे वर्षानुवर्षे उपकार बोलून दाखविण्यापेक्षा ते बरे. दिवसातील काही वेळ नामस्मरणात, वाचनात किंवा एखाद्या कलेत असा घालवावा की, त्या वेळच्या आनंदासाठी कोणाच्याही संमतीची गरज पडू नये. क्षमा करावयाची ती समोरच्याने मागितल्यावरच करावी, असा हट्ट नसावा. क्षमेने हलके होते ते क्षमा करणाऱ्याचेच मन.

दानाविषयीही हेच सूत्र लागू पडते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे, त्यात परतफेडीची अपेक्षा नसणे हे मुख्य आहे. देवस्थानास दिलेली देणगी ही देवाशी केलेली देवघेव नव्हे. मुलाने ऐकावे म्हणून दिलेले दान मुलाने ऐकले नाही की मनाला डाचू लागते. अन्नछत्रात कोणी जेवावे, रुग्णाला औषध मिळावे, गरजू विद्यार्थ्याने शिकावे म्हणून दिलेले दान देण्याच्या क्षणीच पूर्ण होते. त्याचे समाधान दात्याकडून नंतर कोणीही काढून घेऊ शकत नाही. देऊबाई पाटलांच्या दानाची महती याच कारणाने आहे. त्या दानाने त्यांच्या घरी पाळणा हलला नाही. परंतु दोनशे वर्षांत त्या गाभाऱ्यासमोर जी असंख्य माणसे आपले दुःख घेऊन उभी राहिली, त्या साऱ्यांना त्यांनी उभे राहण्यासाठी जागा दिली.

नाती ही ईश्वराची देणगी आहे आणि ती सांभाळण्याचे काम माणसाचे आहे. दुसऱ्याला सुखी करण्याचा प्रयत्न जरूर करावा, त्याच्याकडून मिळालेले सुख कृतज्ञतेने स्वीकारावे आणि आपले सुख मात्र त्याच्यापाशी गहाण टाकू नये. प्रत्येक भाविकाला अशी बुद्धी लाभो, प्रत्येक घरात मायेबरोबर स्वावलंबनही नांदो आणि नात्यांच्या ओझ्याने वाकलेल्या प्रत्येक जीवाला आपल्या अंतरीच्या झऱ्याची ओळख पटो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥